दोन किलो खिळे

हार्डवेअरच्या दुकानात एक वहिनी आणि तिच्या वन्सं काउंटरपाशी आल्या. दुकानदार खिळे तोलायला लागला, पण कान त्यांच्याकडेच.

"सहा इंचीच द्या हं, दोन किलो."

"अगं, करायचेत काय एवढे खिळे?"

"वन्सं, नदीकाठची झाडं उद्या तोडणार आहेत. खोडात खिळे ठोकले, की करवतीचे दातच पडतील."

"आणि पातं तुटून करवतवाल्याच्या तोंडावर उडालं तर?"

"अर्ज खरडून बोटं झिजली आपली! सरळ बोटाने तूप निघत नाही."

"म्हणून दुसऱ्याची बोटं तोडायची?"

"मग झाडांसाठी भांडायचं कोणी?"

"आपणच. पण रक्त न सांडता."

मागे उभा असलेला माणूस खाकरला.

"बाई, उद्याची करवत माझ्याच हातात आहे."

दुकानदाराचा हात तागडीतच थांबला. वहिनीने त्या माणसाकडे वळून पाहिलं आणि ती ओशाळली.

"खिळे राहू द्या. जाड दोर द्या. आम्ही दोघी स्वतःलाच झाडाला बांधून घेतो."

"मी पण? माझे गुडघे बघ गं!"

"खुर्ची नेऊ, वन्सं."

"झाडाला माणूस असला की आम्ही करवत सुरूच करत नाही," तो हसून म्हणाला. "पण गाठ पक्की मारता येते का?"

"नाही हो."

"मग आणा इकडे तो दोर. शिकवतो."