शेंदराखालचा मुकुट

निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका पेडण्याच्या ठाण्यात जमा करायच्या होत्या. दाखल्यासाठी बाकावर बसलेल्या हर्षाच्या कानांवर शेजारच्या रांगेतलं सगळं पडत होतं.

"सगुण, आणलीस काय रे ती बेळगावची बंदूक?"

"गौरेश, चुलतभाऊ आहेस म्हणून ऐकून घेतो. माझ्या आज्यानं ती पाकल्याच्या, पोर्तुगीज शिपायाच्या, हातातून हिसकावलेली."

"हो तर! तुझा आजो रानडुकराला भिऊन माडावर चढायचा. बेळगावच्या बाजारातून विकत आणली आणि गावभर फुशारकी!"

"पुढे या. हिच्यावरचा छाप कुठाय? आणि हे लाल काय थापलंय?"

"शेंदूर, हवालदारसाहेब. दरवर्षी दसऱ्याला पुजतो. पुसू नका हां."

"पुसू द्या हो त्यांना," सगुणची बायको सुमंगला म्हणाली. "खरं-खोटं होऊन जाऊ दे एकदाचं."

हवालदारानं रॉकेलचा बोळा शेंदरावर फिरवला; वास हर्षापर्यंत आला.

"स्टायर, अठराशे शहाऐंशी. इकडे मुकुट, खाली एल."

"म्हणजे काय, साहेब?"

"एल म्हणजे लुईस, पोर्तुगालचा राजा. त्याच्या फौजेसाठी ऑस्ट्रियात, स्टायरच्या कारखान्यात बनलेली बंदूक. मी सैन्यात शस्त्रागारातच होतो."

"बेळगावच्या बाजारात मिळायची काय?"

"राजाच्या फौजेची बंदूक कोण दुकानात मांडणार, वहिनी? ही शिपायाकडचीच."

"ऐकलंस, गौरेश?"

"ऐकलं रे. आपला आजो म्हणजे वाघच! सगुण, यंदा दसऱ्याला पूजा आमच्या अंगणात करूया."

"करूया की, भावोजी," सुमंगला म्हणाली. "शेंदूर तुम्हीच आणा. पण मुकुटावर लावायचा नाही."