वरच्या मजल्यावरचं माझं टेबल

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे साहेब, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, नकाशा विभागातले माझे सहकारी, पहिल्या रांगेतल्या आमच्या जाऊबाई, आणि खुर्ची धरून दाराशी उभे असलेले आमचे हे,

खुर्ची तिथेच असू द्या. मी उभ्यानंच बोलणार आहे. मध्ये थांबेन, ओठांचा चंबू करून श्वास सोडेन. तेव्हा कुणी पाणी घेऊन धावू नये.

मघापासून माझ्याविषयी सगळे इतकं गोड बोलताहेत की मला शंका आली, हा निरोप समारंभ आहे की शोकसभा? त्यात उत्सवमूर्तीच गायब. मी सापडेना म्हणून तुमचं धाबं दणाणलं, याबद्दल दिलगीर आहे. कुठे होते ते सांगते.

माझ्या फुप्फुसांच्या आजाराचं नाव एवढं लांबलचक आहे की उच्चारतानाच दम लागावा. लाखात एखाद्याला होतो म्हणे. एरवी मला कुणी लाखात एक म्हटलं नव्हतं. फुप्फुसं हळूहळू राठ होतात आणि पूर्ववत होत नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मग घरच्यांनी मायेनं मला बसवलं. जाऊबाईंनी स्वयंपाकघरात खुर्ची ठेवली, बाथरूमबाहेर ठेवली, अंगणात ठेवली. पेला उचलला तरी, "अगं, ठेव तो, मी आहे ना!" आजार छातीत होता, बसून बसून पाय गेले. आपल्याकडे लिफ्ट नाही, आणि विभाग पडला वरच्या मजल्यावर. शेवटी मी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केली. साहेब तेव्हा म्हणाले होते, "बाई, तुम्हाला वर येता आलं असतं तर मी सोडलंच नसतं." आठवतंय ना, साहेब?

त्यानंतर डॉक्टरांनी मला व्यायामवर्गात धाडलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीला आम्ही सगळे पेशंट 'हवालदार' म्हणतो. दम लागला म्हटलं की ती बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन बघते आणि म्हणते, "ठीक आहे, लागू द्या. दम लागला म्हणजे मेलात असं नाही. श्वास सोडा, थांबा, मग पुढची पायरी." सायकल, पाण्याच्या बाटल्या उचलणं, आणि ती पायरी. चढायची, उतरायची, परत चढायची. सुरुवातीला मी रडले, तिला वाटेल ते बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "भांडण्याइतका श्वास आहे, चला." फुप्फुसं बरी झाली नाहीत, होणारही नाहीत. पाय मात्र माझे मला परत मिळाले.

तर मघाशी तुम्ही माइक जुळवत होतात, तेव्हा मी जिना चढत होते. थांबत, कठड्याला टेकत, आमच्या ह्यांना न सांगता. घरी गेल्यावर बोलणी खाईनच. वर बघते तो माझ्या टेबलावर पुष्पगुच्छाचे कागद, रिकामी खोकी आणि कुणाचा तरी डबा. नोटिशीचा शेवटचा महिना अजून संपायचाय, आणि इतक्यात मला पुसून टाकलंत? मला राग आला. खरं सांगते, पुष्कळ दिवसांनी इतका छान राग आला. सगळं उचलून शेजारच्या टेबलावर ठेवलं. डबा ज्यांचा असेल त्यांनी तिथे शोधावा.

साहेब, माझा अर्ज मी मागे घेते आहे, हे त्याचं पत्र. महिनाअखेरपर्यंत घेता येतो, विचारून आले आहे. माझ्यापुढे किती काळ आहे मला ठाऊक नाही, हवालदारालाही नाही. पण जो आहे तो मी बसून काढणार नाही. जाऊबाई, रागावू नका, तुमची माया कळते मला. पण मायेनंसुद्धा माणूस अडगळीत जातो. उद्या मी जिन्याच्या वळणावर थांबलेली दिसले, तर मला वाट द्या आणि आपापल्या कामाला लागा. एवढीच सवलत मागते.

आपण सगळे माझ्यासाठी जमलात, पाहुणे वेळात वेळ काढून आले, मी मनापासून आभारी आहे. बोलताना कुणाला काही लागलं असेल, कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. पुष्पगुच्छ घरी नेते, निरोप तेवढा राहू द्या.

साहेब, सही इथे करायची.