राखीव चॅनेल

माई : म्हणजे शेजारच्या वेणूबाईला मी छातीठोकपणे सांगितलं, आमचा फोन मोकळाच होता म्हणून, ते खोटं? मी त्या दिवशी लेकीकडे अंबरनाथला गेलेले. घरी तूच होतास, श्याम. विचारलं तेव्हा मान डोलावलीस.

श्यामकांत : फोनला कॉम्प्युटर जोडला होता, माई. उपग्रहांचं काम कंपनीला पाठवत होतो. लाइन सारखी तुटायची, मी परत परत लावायचो.

माई : दिवसभर?

श्यामकांत : हो.

माई : अरे देवा. तिचा भाऊ हिरामण बिचारा शपथा घेत होता की मुरबाडच्या बूथवरून सारखा लावत होतो, एंगेजच लागायचा. वेणूबाई म्हणते, शेजारी कशाला खोटं बोलतील, भाऊच खोटारडा. बाप गेला, तिला कळेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंय तिने.

श्यामकांत : माहीत आहे.

माई : आणि काम कसलं तुझं? मला कौतुकाने सांगत होतास ना?

श्यामकांत : पृथ्वीच्या जवळून फिरणारे शेकडो उपग्रह, प्रत्येकाकडे बोलायच्या वाटा, म्हणजे चॅनेल, मोजकेच. ज्याच्यावर गर्दी, त्याला शेजारच्याने आपला रिकामा चॅनेल द्यायचा. शिवाय एखादा राखून ठेवायचा, बाजूच्या उपग्रहाकडून सरकत येणाऱ्या चालू कॉलसाठी. नाहीतर बोलता बोलता माणूस तुटतो.

माई : आभाळातलं एवढं कळतं. इथे बदलापुरात चार बिऱ्हाडांनी आपल्या घरचा हा एकच नंबर आपापल्या गावी देऊन ठेवलाय, ते नाही कळलं?

श्यामकांत : लाज वाटते गं. वेणूताईंच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या वाटेने ये-जा करतो.

(दार वाजतं. वेणूबाई आत येते.)

वेणूबाई : माई, एक फोन लावायचाय. हिरूला सांगायचं, भाऊबीजेला येऊ नको. त्याच्याशी माझ्याच्यानं नाय बोलवणार. श्यामभाऊ, तूच सांग ना. डेअरीत असंल तो आता.

माई : लाव, श्याम.

श्यामकांत : हॅलो... हिरामणदादा का? बदलापूरहून श्यामकांत बोलतोय. ठेवू नका, ऐका. तुमचे वडील गेले त्या दिवशी लाइन मीच अडवून बसलो होतो, माझ्या कामासाठी. नंतरही गप्प राहिलो. तुम्ही खोटं बोलला नव्हता. ताई इथेच उभ्या आहेत. ऐकतायत.

माई : वेणू, बस गं जरा.

वेणूबाई : नको. सरक, श्याम. दे तो फोन इकडं... हिरू? जेवलास का रे?