लॉगिन केल्यावर दिसलेलं स्थळ

कालचं सांगतो. मामांच्या वधूवर केंद्रासाठी मी स्वतःच शिकून ॲप बनवलंय. मुलीनं लॉगिन केलं की तिला मुलांची स्थळं दिसायला हवीत. काल म्हसवडच्या एका मुलीचा फोन आला.

“आवं, यात एकच स्थळ दिसतंय, आन ते मीच हाय.”

माझा फिल्टर चुकला होता. ज्याची नोंद, त्यालाच दिसत होती. घाईत बदल केला.

“आता बघा.”

“आता एकच मुलगा दिसतोय. फलटणचा, नववी शिकलेला. फोटोत मान खाली.”

फिल्टर अजून चुकतच होता; चाचणीसाठी भरलेली माझीच माहिती तेवढी दिसत होती.

“तो मी आहे. लगेच काढतो.”

“कशाला? लय नीट बोलताय की. बाकीची दुरुस्ती राहू द्या, रविवारी मामांना घेऊन घरी या.”