करकोच्यांच्या दारातला लिंब

मंडळी, ऐका. एक विचारते, मनातल्या मनात उत्तर द्या. देवाच्या दारात आपल्याला कुणी अडवलं, तर अडवणारा पापी की अडणारा?

दिलंत? राहू द्या मनातच. आता कथा ऐका.

धामणतळं नावाचं गाव. तळ्याच्या मधोमध टेकाड, टेकाडावर तळ्याई देवी. आणि भोवतीच्या बाभळींवर करकोच्यांची घरटी, म्हणून सगळं रान अभयारण्य झालेलं. फाटकावर राखणीला केवळाबाई. बाई गावचीच सून, त्याच देवीची भक्तीण!

गेल्या माघात जत्रा ढोल बडवत आत गेली. करकोचे उडाले ते उडालेच. उघड्या घरट्यांतली पिल्लं घारींनी नेली. केवळानं ते डोळ्यांनी पाहिलं, चार दिवस तिला घास गोड लागला नाही. वनखात्याचे साहेब सांगून गेले, यंदा पुन्हा असं झालं तर देवीची वाट कायमची बंद. म्हणजे बघा, पिल्लंही जायची आणि देवीही!

फाटकावर पाटी होती. दहा नियम, ठळक अक्षरांत. कोण वाचतंय? पाटीला टेकून लोक फोटो काढायचे. आपल्याकडे पाटी म्हणजे पाठ टेकायची सोय!

माघी पुनवेची सकाळ. जत्रा निघाली. पुढे ढोल गळ्यात अडकवून कोण? केवळाचा सख्खा दीर, रंगनाथ. मागे काठी टेकत सासू, भागाबाई. फाटकाशी येतात तो काय — दोन्ही खांबांना लिंबाचे ओले डहाळे बांधलेले. बाळंतिणीच्या दाराला बांधतो ना आपण, तसेच!

ढोलाचा हात आपोआप थांबला. रंगनाथानं विचारलं, "वहिनी, कोण बाळंत झालंय?"

केवळानं बाभळींकडे बोट केलं. रंगनाथ हसला, मागचेही हसले. पाखरांचं कसलं सोयर, म्हणाला, अन् त्यानं पाऊल उचललं.

केवळा वाटेत आडवी उभी राहिली. घरचाच माणूस, आज अडवला तर सासरी तोंड कसं दाखवायचं? तरी ती जागची हलली नाही.

"भावजी, देवी कुणाची? तळ्याचीच ना? मग तळ्यात जन्मलेलं लेकरू तिच्या घरचं नव्हं?"

तेवढ्यात मागून भागाबाई पुढं आली. म्हातारी महा फटकळ, सुनेला कधी बरं म्हणालेली नाही. तिनं आधी डहाळा पाहिला, मग सुनेकडे पाहिलं.

"रंग्या, ढोल खाली ठेव. बाळंतिणीच्या दारात उभा आहेस."

एवढंच! पाचवीला जातात तशा पाच बायका अनवाणी आत गेल्या. नारळ फोडला नाही, पायरीवर ठेवला. बाकीची जत्रा बाहेर सावलीला बसली, ढोल गावच्या चावडीवर वाजला. बाभळीवरचा एक करकोचा मान वळवून बघत राहिला, उडाला नाही.

परतताना रंगनाथ फाटकाशी रेंगाळला. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, किती झालीत?"

"मोजायला आत कोण जातंय? सगळी खुशाल आहेत."

आता तुमच्याकडे वळते. सून बाळंत झाली की घरातला टीव्ही बारीक करता, पावलं जपून टाकता. मग रानात गेल्यावरच कान-डोळे कुठं गहाण पडतात? अडवणारा पापी नव्हं बाबांनो. दार कुणाचं आहे हे न बघता घुसणारा, तो बघा!

आणि हो, या सभामंडपाच्या झुंबरात चिमणीनं घर केलंय. मघापासून चोचीत किडे घेऊन येतेय. आता आरती कशी म्हणायची, तुम्हीच ठरवा.