नकाशात ईशान्य, बांधकाम वायव्येस

जबाब
दि. २०/११/२०२५

नाव – महारुद्र बसवराज स्वामी, वय ७७ वर्षे, व्यवसाय – शेती व पौरोहित्य, रा. मौजे बेलकुंडी, ता. कळंब, जि. धाराशिव.

आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारण्यात आल्यावरून जबाब देतो की, वरील ठिकाणी मी पत्नी गजराबाई, वय ७१, व सून शिवप्रिया यांच्यासह राहतो. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. आम्ही जंगम असल्याने गावातील वास्तुशांती व पुराणवाचन माझ्याकडे आहे.

गेल्या पौषात गजराबाईचे डावे अंग लुळे पडले. तिच्यासाठी मागील दारापासून चार पावलांवर, पाच फूट बाय सहा फुटांचा संडास बांधण्याकरिता मी ग्रामपंचायतीकडे अर्ज केला. नकाशासह परवानगी मिळाली. नकाशात जागा परसाच्या ईशान्य कोपऱ्यात होती.

गवंडी गोरोबा याने पायासाठी दोरी धरली, तेव्हा ते माझ्या ध्यानात आले. ईशान्य ही ईश्वराची दिशा. तेथे शौचकूप असू नये, असे मी पन्नास वर्षे लोकांना सांगत आलो आहे. मी काम वायव्य कोपऱ्यात घेण्यास सांगितले. गोरोबा म्हणाला, "अप्पा, कागद येगळं सांगतोय." मी म्हणालो, "कागदाला दिशा कळत नाहीत." गजराबाई दारातून म्हणाली, "अहो, हितंच ऱ्हाऊ द्या. मला जवळ पडतंय. देवाला सांगते मी." मी ऐकले नाही. सुधारित नकाशाही मंजूर करून घेतला नाही.

वायव्येस जागा अपुरी पडल्याने बाहेरची भिंत गावच्या बोळात दोन फूट गेली. शेजारी धनाजी याचा ट्रॅक्टर वळेना. तो म्हणाला, "अप्पा, देवाला जागा सोडली तुम्ही. माझ्या ट्रॅक्टरनं काय पाप केलं?" त्याने तक्रार दिली. ती खरी आहे. मला दोन नोटिसा मिळाल्या. ज्या गावाची घरे मी मंत्रांनी शुद्ध केली, ते गाव माझी भिंत पाडील असे वाटले नाही, म्हणून मी उत्तर दिले नाही.

काल सकाळी दहा वाजता ग्रामसेवक मजूर घेऊन येणार, हे मला ठाऊक होते. साडेनऊ वाजता मी गजराबाईला धरून बत्तीस पावले चालवीत तेथे नेले. तिला जाण्याची गरज नव्हती. तसे ती दोनदा म्हणाली. तिला आत बसवून मी बाहेरून कडी लावली व दाराला पाठ देऊन उभा राहिलो. आत माणूस असता भिंत पाडीत नाहीत, एवढाच माझा विचार होता.

ग्रामसेवकांनी हात जोडले. "अप्पा, आधी आजींना बाहेर काढा. भिंतीचं मागनं बघू." मी हललो नाही. मोठ्याने स्तोत्र म्हणू लागलो. आतून गजराबाईचा आवाज येत होता. ती काय म्हणत होती ते लिहून घेऊ नये, ही विनंती. पावणेअकराच्या सुमारास आवाज थांबला. मी स्तोत्र पूर्ण केले व कडी काढली.

ती फरशीवर पडलेली होती. उजव्या मांडीचे हाड मोडले आहे. तिचे चालते अंग तेवढेच होते. धनाजीने तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेले. भिंतीला अद्याप कोणी हात लावलेला नाही.

आज सकाळी शिवप्रियाने सांगितले की, सासूबाई कालपासून पाणी घेत नाहीत. घेतले तर जावे लागेल, म्हणून.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. सरकारी कामात मी अडथळा केला, हे मला मान्य आहे. मूळ परवानगीची मुदत शिल्लक आहे. तरी आज सूर्यास्तापूर्वी मला घरी जाऊ द्यावे. ईशान्येस पाया खोदण्याकरिता गोरोबाला निरोप धाडला होता. आज अमावास्या असल्याने तो येत नाही. अमावास्येला कुदळ मारू नये, हे त्याला मीच शिकविले आहे. कुदळ मी मारणार आहे.

हा जबाब मला वाचून दाखविण्यात आला. मी सांगितले तेवढेच यात उतरले आहे व ते खरे आहे, म्हणून खाली सही करतो.

(सही) महारुद्र बसवराज स्वामी