सुकाणूवर कोण होतं

(नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं स्कार्वी बेट. शनिवारची दुपार. रिकाम्या चर्चमध्ये पाळक एलर्ट उद्याच्या गीतांचे आकडे फळीवर लावताहेत. कोळी सिव्हर्ट टोपी हातात धरून उभा आहे.)

सिव्हर्ट : माझं नाव खोडा, पाळकसाहेब. एवढंच सांगायला आलोय.

एलर्ट : ती सातची पाटी दे आधी. खोक्यात बघ. कुठून खोडू नाव?

सिव्हर्ट : चर्चच्या वडीलमंडळींच्या यादीतून. उद्या तुम्ही ती वाचून दाखवणार ना?

एलर्ट : वाचणार तर! एकमतानं निवडलंय तुला. सहा माणसांचं एकमत, पण या बेटावर सहा जण एका गोष्टीला हो म्हणाले, हाच चमत्कार. ही सात नव्हे रे, एक आहे.

सिव्हर्ट : मी लायक नाही.

एलर्ट : लायक कोण असतं? सिव्हर्ट, सकाळी मी पलीकडच्या बेटावर बाप्तिस्मा उरकून आलो. बोटीत बसायला जागा नव्हती, मोजे अजून ओले आहेत. पाच वाजता म्हाताऱ्या ओस्लाउगला प्रभुभोजन द्यायला टेकडी चढायची आहे. उद्याच्या उपदेशाची एक ओळ लिहिलेली नाही. नम्रताच दाखवायची असेल, तर सोमवारी ये.

सिव्हर्ट : नम्रता नाही ही. पाप आहे.

एलर्ट : बरं. मग बसतो. गुडघ्यांनाही तेच हवंय. काय केलंस? दुसऱ्याच्या जाळ्यातून मासे काढलेस?

सिव्हर्ट : नाही.

एलर्ट : बाईमाणसाचं काही?

सिव्हर्ट : नाही हो.

एलर्ट : मग तुझ्यासारख्या माणसाचं पाप ते केवढं असणार? या छपराला डांबर कोणी लावलं? घंटेचा दोर कोणी बदलला? अकरा वर्षांत एक रविवार चुकला नाहीस. वाकव डोकं. देव क्षमा करणारा आहे, मी प्रार्थना करतो, आणि मग...

सिव्हर्ट : तुम्ही ऐकलंच नाहीत अजून!

एलर्ट : खरंय. चुकलो. बोल.

सिव्हर्ट : अकरा वर्षं म्हणालात ना आत्ता. कशापासून अकरा, आठवतं का?

एलर्ट : बोट फुटली तेव्हापासून. टोर्केल गेला, तू वाचलास. देवानं वाचवलं म्हणून तू देवाकडे वळलास. मी कितीदा सांगितलंय हे लोकांना.

सिव्हर्ट : सांगितलंत. दर वेळी मला पहिल्या बाकावर बसून ऐकावं लागलं. पाळकसाहेब, सुकाणूवर टोर्केल नव्हता. मी होतो.

एलर्ट : काय म्हणालास?

सिव्हर्ट : मी होतो. पहाटेपासून पीत होतो. थंडी मरणाची, जाळ्यात जेमतेम चार कॉड मासे. टोर्केल खाली झोपला होता, रात्रभर त्यानंच बोट हाकली होती. मला म्हणाला, "एक तासभर सांभाळ." मी खडकावर घातली.

एलर्ट : पण बाटली त्याच्या कोटात सापडली.

सिव्हर्ट : कोट त्याचा, पण अंगात मी घातला होता. झोपायला जाताना त्यानंच दिला, माझा भिजला होता म्हणून. ज्यांनी मला पाण्यातून उचललं, त्यांनी तो उतरवला. फौजदारानं विचारलं, कोट कोणाचा? मी म्हटलं, टोर्केलचा. खोटं नव्हतं ते. मग विचारलं, सुकाणूवर कोण होतं? तेव्हाही मी म्हटलं, टोर्केल. तोंडातून निघून गेलं. उद्या सांगू, परवा सांगू, म्हणेपर्यंत अंत्यविधीचा दिवस आला आणि तुम्ही उभे राहिलात.

एलर्ट : हो. मी उभा राहिलो.

सिव्हर्ट : मग काय, शिक्काच बसला. ते वाक्य तर अजून पोरंटोरंसुद्धा म्हणतात. "जो बाटलीच्या हाती सुकाणू देतो..."

एलर्ट : "...त्याची गाठ खडकाशीच पडते." नको म्हणूस. माझंच आहे, मला पाठ आहे.

सिव्हर्ट : छापूनही आलं होतं.

एलर्ट : आलं होतं. कात्रण मी जपून ठेवलंय, सिव्हर्ट. टेबलाच्या खणात.

सिव्हर्ट : आता प्रार्थना करा. मी डोकं वाकवतो.

एलर्ट : थांब.

सिव्हर्ट : मघाशी तर घाई करत होतात.

एलर्ट : मघाशी मला वाटलं, तुझं पाप माझ्या वेळात बसेल. ऐक. टोर्केलच्या बायकोला, गुनवोरला सांगितलंस?

सिव्हर्ट : तिला? नाही. तिच्या दारावरून जायचं नको म्हणून मी किनाऱ्यानं फिरून जातो. देवाला सांगितलं की झालं, असं तुम्हीच म्हणता ना?

एलर्ट : नाव तिच्या नवऱ्याचं गेलं, देवाचं नाही. पश्चात्ताप म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे. वळायचं असतं, आणि वळलेल्या माणसाला चालावं लागतं... बघ, पुन्हा एक गोळीबंद वाक्य केलं मी. हाच माझा आजार.

सिव्हर्ट : मला एकट्याला नाही जमणार. छपराला डांबर लावणं सोपं होतं.

एलर्ट : एकट्यानं जायचं नाहीच. मलाही यायचंय.

सिव्हर्ट : तुम्ही कशाला? तुम्हाला काय ठाऊक होतं?

एलर्ट : ठाऊक होतं.

सिव्हर्ट : काय?

एलर्ट : अंत्यविधीच्या आदल्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात आली होती. म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या नवऱ्याच्या पोटात व्रण होता. दोन वर्षं तो दुधावर होता. दारूचा थेंब घेतला तर गडाबडा लोळायचा. डॉक्टरांना विचारा." मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, दुःखात माणसाला आपलं माणूस धुतल्या तांदळासारखं दिसतं.

सिव्हर्ट : विचारलंत का डॉक्टरांना?

एलर्ट : नाही. फोन भिंतीवरच होता.

सिव्हर्ट : का नाही विचारलंत?

एलर्ट : उपदेश लिहून झाला होता.

सिव्हर्ट : अरे देवा.

एलर्ट : चांगला झाला होता. त्या हिवाळ्यात तेवढा एकच चांगला झाला होता. चल, ऊठ. मला हात दे.

सिव्हर्ट : आणि ओस्लाउग आजीचं प्रभुभोजन?

एलर्ट : वाटेत निरोप देऊ. रविवारी दुपारी जाईन. या अवस्थेत मी कोणाला काय देणार?

*

गुनवोर : उंबऱ्यात उभे राहू नका. ऊब बाहेर जाते. यायचं तर या, नाहीतर दार लावून घ्या.

एलर्ट : येतो, गुनवोरबाई.

गुनवोर : अकरा वर्षांनी पाळकांचे पाय लागले घराला. आणि हा कोण मागे लपतोय? सिव्हर्ट? मेलंय का कोणी? योरुन तर बरी आहे ना?

एलर्ट : तुमच्या मुलीचं काही नाही. सगळे जिवंत आहेत.

गुनवोर : मग मी बटाटे सोलत राहते. बोला.

सिव्हर्ट : गुनवोर, सुकाणूवर मी होतो.

गुनवोर : (पुढचा बटाटा उचलते.)

सिव्हर्ट : प्यायलेला मी होतो. टोर्केल खाली झोपला होता. मी खोटं बोललो, आणि ते तसंच राहू दिलं.

गुनवोर : हं.

सिव्हर्ट : सोमवारी फौजदाराकडे जाऊन लिहून देतो. काय व्हायचं ते होऊ दे. तू मला मार, हाकलून दे, काही कर. पण काहीतरी बोल.

गुनवोर : तो प्यायला नव्हता हे तुझ्याकडून कळायला हवं होतं का मला? दूध मी गरम करून देत होते. ते राहू दे. मला सांग, तो झोपेतच गेला का?

सिव्हर्ट : नाही.

गुनवोर : मग?

सिव्हर्ट : आदळल्यावर तो वर आला. मी पडलेलो होतो, उठताही येईना. त्यानं मला ओढत कडेला आणलं, मासे ठेवायच्या लाकडी झाकणाला दोरीनं बांधलं. शिव्या देत होता.

गुनवोर : काय म्हणत होता?

सिव्हर्ट : "गाढवा, हात वर कर, गाठ मारू दे." मग लाट आली. झाकण माझ्यासकट वाहून गेलं. तो दिसला नाही पुन्हा.

गुनवोर : गाठ त्यानं मारली?

सिव्हर्ट : त्यानंच.

गुनवोर : हे तुझ्याजवळ होतं. अकरा वर्षं. त्याचं नाव घालवलंस ते घालवलंस, सिव्हर्ट, पण हे तर माझं होतं. योरुनचं होतं. शाळेत तिच्यामागे ती ओळ ओरडत पोरं धावायची. सतराव्या वर्षी बॅग भरून बर्गनला गेली ती, नाताळलासुद्धा येत नाही. तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. आणि हे तुझ्याजवळ होतं.

सिव्हर्ट : हो.

गुनवोर : बस तिथं. तुला क्षमा केली म्हणून नाही. तू पडशील असं दिसतंय. आणि पाळकसाहेब, तुम्ही साक्षीदार म्हणून आलात?

एलर्ट : नाही. माझंही सांगायला आलोय. तुम्ही आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं. मी फोन उचलला नाही. वाक्य चांगलं जमलं होतं, ते सोडवेना. माणूस गमावला चालेल, पण वाक्य नको, असं झालं माझं. हा भीतीनं खोटं बोलला. मी तर हौसेनं बोललो.

गुनवोर : क्षमा मागताय?

एलर्ट : मागायची छाती नाही. गेली कित्येक वर्षं उपदेश लिहायला बसलो की हात जड होतो. मी म्हणायचो, वय झालं. वय नव्हतं ते.

गुनवोर : तुमच्या हाताचं दुखणं मला सांगू नका.

एलर्ट : बरोबर आहे. उद्या मी चर्चच्या व्यासपीठावरून सांगणार आहे. सिव्हर्टही उभा राहील.

गुनवोर : उद्या किती माणसं येतील?

एलर्ट : पंधरा. हवा बरी असली तर वीस.

गुनवोर : टोर्केलच्या वेळी दोनशे होती. दाराबाहेरही उभी होती. दोनशेंसमोर हिरावलेलं नाव पंधरांसमोर परत करता?

एलर्ट : नाही. मग घरोघर जाईन.

गुनवोर : एकसष्ट घरं आहेत बेटावर. अर्धी टेकडीवर.

एलर्ट : माहीत आहे.

गुनवोर : गुडघे कुरकुरतात तुमचे. आत येताना ऐकू आले.

एलर्ट : कुरकुरू देत.

सिव्हर्ट : मी हात देईन त्यांना. मलाही यायलाच हवं.

गुनवोर : आणि दारात गेल्यावर काय सांगणार? पुन्हा एखादं सुंदर वाक्य जुळवून?

एलर्ट : नाही. साधंच.

गुनवोर : मग इथूनच सुरुवात करा. पहिलं घर माझं. मी दारात उभी आहे असं समजा.

एलर्ट : गुनवोरबाई, टोर्केल त्या दिवशी प्यायलेला नव्हता. सुकाणूवर तो नव्हता. त्यानं सिव्हर्टला वाचवलं. मी चर्चमध्ये जे बोललो, ते खोटं होतं.

गुनवोर : पुन्हा सांगा. सावकाश.